रिकामी हाय!

दार लोटून घ्या रे, आणि ते मोबाईल खिशात घाला. भुतं नसतात म्हणणाऱ्यांनी खुशाल निजायला जावं. आमच्या कोन गावचा केसरीनाथ अजून हयात आहे, उद्या जाऊन विचारा त्याला.

परवाच्या विधानसभेच्या वेळची गोष्ट. कोजागरी होऊन तिसरा दिवस, शनिवार, रात्रीचे सव्वादहा. केसरीनाथ एका गोदामावर रात्रीचा वॉचमन. निवडणूक आली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची असते. सकाळी न्यायची म्हणून तो पत्र्याच्या केबिनमध्ये तेल-चिंधी घेऊन दुनळी साफ करायला बसला.

दिवसपाळीला रामनाथ, गोदामामागंच राहणारा. वीस वर्षं एका डब्यात जेवलेले दोघं. पाळी बदलताना बंदूक उघडून दाखवायची आणि म्हणायचं, "रिकामी." ही रीत जुन्या वॉचमननं, मोहिउद्दीन चाचांनी लावलेली. नुसतं बोललं की चाचा मनगट धरायचे. "तोंडाची रिकामी न्हाय चालत. खोलके दिखा!" चाचा चार वर्षांमागं वारले आणि रीत ढिली पडली. घरच्या माणसाचं काय उघडून बघायचं?

त्यात मालकानं कॅमेरे बसवले. दिवाळीनंतर दोघांतला एकच ठेवणार, म्हणाला. केसरीनाथानं मनाशी ठरवलं होतं, रामाची पोरगी शिकतेय, आपणच सोडू. सोमवारी सांगणार होता. तोवर बोलला नाही, इथंच चुकला बिचारा.

त्या संध्याकाळी रामनाथ बंदूक देताना म्हणाला, "रिकामी हाय, केसऱ्या." आणि खाली बघतच निघून गेला.

केसरीनाथानं बंदूक न उघडता वरूनच तेल फिरवलं, चिंधीनं पुसलं. त्याची एक वाईट खोड होती. शेवटी नळीपाशी कान नेऊन चाप ओढायचा. खटका नीट वाजला की समाधान. रामनाथाला ती खोड ठाऊक होती.

कान नेला. बोट चापावर…

लाईट गेली.

पंखा थांबला.

कुणीतरी मनगट धरलं. गार. घट्ट.

"रामा…?"

मग अगदी कानाशी…

"खोलके दिखा."

त्यानं बंदूक उघडली. उजव्या नळीतून काडतूस तळहातावर घरंगळलं. भरलेलं. डावी नळी रिकामी.

भूत राहिलं बाजूला, गडी ढसाढसा रडला. "रामा, मागितली असतीस तर देऊन टाकली असती रे नोकरी! केसानं गळा कापलास!"

तेवढ्यात बाहेर धावपळ. रामनाथ बॅटरी घेऊन, दोन शेजारी मागे. दारापर्यंत पोचायच्या आधीच त्याचा टाहो, "माझा भाव गेला रे! साफ करता करता उडाली!"

उजेड आत पडला. केसरीनाथ बसलेला. हातावर काडतूस.

रामनाथाची बोबडी वळली. "पन… बार झाला! आम्ही सगल्यांनी आयकला…"

शेजाऱ्यांनी माना हलवल्या. बार सगळ्यांनी ऐकला होता.

केसरीनाथानं मात्र काहीच ऐकलं नव्हतं. काडतूस त्यानं पुढं धरलं. अख्खं होतं.

बॅटरी हळूच वर गेली…

केसरीनाथाच्या डोक्यामागच्या पत्र्याला छर्ऱ्यांची भोकं होती. बारीक, दाट. त्यांतून बाहेरचं चांदणं दिसत होतं.

त्यानं बोट लावलं. कडा अजून गरम होत्या.