मागच्या खोलीची भिंत

ही घडलेली गोष्ट आहे. माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलेली. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र तेव्हापासून भिंतीला पाठ टेकून बसत नाही.

मामा-मामींचा एक जोडधंदा होता. पडीक, कोणी ढुंकून बघणार नाही अशी घरं कर्ज काढून स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची आणि भाड्याने द्यायची. भाड्यातून बँकेचा हप्ता जायचा. अशी दोन घरं झाली होती. पैशांचं मामा बघायचे, घराचं मामी.

"रंगाला भुलायचं नाही, भिंत ऐकायची," असं मामी म्हणायची. बोटाच्या पेराने ती प्रत्येक भिंत वाजवत जायची. टक टक... थांबून टक. गिलावा आतून सुटलेला असला की आवाज बदलायचा. ढब ढब. मग ती तिथे खडूने फुली मारायची. गवंडी तिला डॉक्टरीणबाई म्हणायचा.

तिसरं घर दोघांनी मिळून पाहिलं. मागच्या खोलीची किल्ली दलालाकडे नव्हती.

"राहू दे, ती खोली पुढच्या खेपेला," मामी म्हणाली.

पुढची खेप आलीच नाही. त्याच आठवड्यात मामी गेली. झोपेतच.

सगळ्यांनी मामांना सांगितलं, आता हा व्याप नको. पण तिला ते घर आवडलं होतं. मामांनी राहतं घर तारण ठेवलं आणि ते घेतलं. भाडेकरू वेळेवर मिळाला नाही, तर राहतं आणि नवं, दोन्ही घरांवर पाणी सोडायची वेळ येणार होती.

मागच्या खोलीची किल्ली मिळाली, दुरुस्ती सुरू झाली. एके दिवशी भर दुपार होती. वीज अजून जोडलेली नव्हती. गवंडी जेवायला गेला होता. मामा पुढच्या खोलीत एकटेच खिडकी घासत बसले होते.

आणि आतून आवाज आला...

टक टक... टक.

मामांना वाटलं, गवंडी आला. त्यांनी हाक मारली.

टक टक... टक.

ते मागच्या खोलीत गेले. खोली रिकामी. जमिनीवर सिमेंटची धूळ साचलेली आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नाही.

आवाज भिंतीवरून सरकत होता. मामांच्या खांद्याच्या उंचीवरून. मामी त्यांच्या खांद्याला लागायची.

खिडकीजवळ तो थांबला.

ढब ढब...

पुन्हा तिथेच. ढब ढब...

दुसऱ्या कोणी धूम ठोकली असती. मामा तिथेच खाली बसले. "ऐकतोय गं," एवढंच म्हणाले.

मग रोज दुपारी ते गवंड्याला जेवायला पिटाळायचे आणि त्या खोलीत जाऊन बसायचे. आवाज यायचा. फिरून फिरून त्याच जागी थांबायचा. बाकीचं घर चकाचक झालं, पण त्या भिंतीला मामा हात लावू देईनात.

गवंडी वैतागला. "दादा, एका भिंतीपायी किती दिवस घालवायचे?"

मामांना कळत होतं. पण भिंत पक्की झाली की मामीचं काम संपणार आणि आवाज थांबणार. इकडे बँकेचे फोन सुरू झाले होते.

शेवटी एक जोडपं घर बघायला आलं. बाईच्या कडेवर तान्हं बाळ. घर त्यांना पसंत पडलं. मागच्या खोलीत ती खिडकीजवळ थांबली.

"पाळणा इथे ठेवू. उजेड छान आहे."

मामांनी त्या जागेवर तळहात टेकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी गवंड्याला ती जागा दाखवली. "इथे फोड."

छिन्नीचा पहिला घाव बसला आणि टेबलाएवढा गिलावा धाडकन खाली आला. आत जुना नळ झिरपत होता. विटा भिजून मऊ झाल्या होत्या.

"वरून तर काहीच दिसत नव्हतं. कसं ओळखलंत?"

"तुझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं."

गवंडी हसला. मग हसायचा थांबला. "पण या खोलीची किल्ली तर बाई गेल्यावर मिळाली..."

भिंत नवी झाली. रंग वाळला. त्या दुपारी मामा वाट बघत बसले. अंधार पडेपर्यंत बसले.

काहीच वाजलं नाही.

"माझी बायको दुसऱ्यांदा गेली गं," असं मला म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

जोडपं राहायला आलं. मामा भाडं घ्यायला गेले की मागच्या खोलीत जाऊन स्वतः भिंत वाजवायचे. टक टक... टक. मग कान लावून उभे राहायचे. उत्तर यायचं नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्यासोबत गेले होते. मामा बाहेर पडले, तशी त्या बाईने माझा हात धरला.

"ताई, काका गेले ना, की मागच्या खोलीत कोणीतरी भिंत वाजवतं. नेहमी ते गेल्यावरच. बाळ रडत असलं तरी गप्प होतं, पण मला भीती वाटते. काकांना सांगितलं, तर ते डोळे पुसत उठले. आता भाडं घेतात आणि उभ्या उभ्या निघतात."

मी काही बोलायच्या आत...

टक टक... टक.

मी स्वतः ऐकलं. भरीव, पक्का आवाज. खिडकीजवळून निघाला आणि भिंतीच्या टोकापर्यंत गेला. मी दारातून डोकावले; खोलीत झोपलेल्या बाळाशिवाय कोणी नव्हतं.

मी चपला हातात घेऊनच पळाले. मामा फाटकाशी पाठमोरे उभे होते.

"वाजलं?"

"हो."

"भिंत झाल्यापासून मी असताना नाही येत. का, ते तिचं तिलाच ठाऊक." त्यांनी फाटक हलकेच ओढून घेतलं. "चल लवकर. मी रेंगाळलो की तिचं काम खोळंबतं."