पासोकाचं घर

चढावर बसने हिसका दिला आणि दाल्वाच्या मांडीवरची उशीची खोळ आपोआप हलली.

शेजारच्या तरुणाच्या नजरेतून ते सुटलं नाही. "चीजचे गरम पाव असतील म्हणून मघापासून आशेवर होतो… पण पाव हलत नाहीत ना?"

"बोआ सापीण आहे. विष नाही तिला. पासोका नाव… डॉक्टरकडून आणतेय."

आता हा उठून पळणार, अशी तिची खात्री होती. तो मात्र पावसाने भिजलेल्या खिडकीकडे सरकला आणि पासोकाला जागा करून दिली.

पासोकाने दोन महिने तोंडाला काही लावलं नव्हतं. तिची घरातली काचेची पेटी थंड पडते, लपायला आडोसा नाही. नीट घर मिळालं नाही तर ही जगायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. या परक्या माणसाला ते सांगताना दाल्वाचे डोळे भरून आले.

"मी जेनिव्हाल. कपाटं बनवतो," तो हळूच म्हणाला. "बाईसाहेबांची लांबी किती?"

त्या भेटीनंतर नवव्या दिवशी, पासोकासाठी बनवलेली पेटी पाठीवर घेऊन तो ओउरो प्रेतो गावाचा जीवघेणा चढ चढून दाल्वाने दिलेल्या पत्त्यावर आला. सरकती काच, कुलूप, एका बाजूला दिवा… आणि लाकूड त्याच्या आजोबांनी जपून ठेवलेलं, सुवासिक सेद्रो! या गावात नवरीच्या चादरींचा पेटारा सेद्रोचाच करतात, कसर लागत नाही म्हणून. खोलीभर गोड वास पसरला आणि दाल्वाने घाईने खिडकी उघडली.

"हा वास… ज्याने कसर मरते, त्याने सापाची फुप्फुसंही जातात हो."

जेनिव्हालचा चेहरा उतरला. टोपी उचलून तो निघून गेला. पेटी तिथेच राहिली; दाल्वाने ती ओढत खोलीबाहेर नेली. चार दिवस दाल्वा रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाकडे कान लावून होती.

पाचव्या दिवशी तो दारात उभा, पाठीवर साध्या प्लायवूडची नवी पेटी.

"वास घेऊन बघ. बिनवासाचं रोगण आहे, उन्हात खडखडीत वाळवलंय. लपायला दोन्ही टोकांना खोपा… आणि मी रागावून नव्हतो गेलो गं. लाज वाटली होती."

आपण तिला अगं-तुगं केलं, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. तिच्या आधीच आलं होतं. दोघांनीही ते दुरुस्त केलं नाही.

नव्या घरात पासोकाला आठवडाभर हात लावायचा नव्हता. जेनिव्हाल रोज संध्याकाळी तापमापक बघायला यायचा. बघायला एक मिनिट लागायचं, निघायला दोन तास.

आठव्या दिवशी दाल्वाने बर्फातून काढून कोमट केलेला उंदीर चिमट्यात धरला. जेनिव्हालने तिचं मनगट सावरलं. पासोका खोप्यातून डोकावली… जीभ लवलवली… आणि क्षणात झडप!

"खाल्लं रे… खाल्लं तिने!" दाल्वा रडत हसत त्याच्या गळ्यातच पडली. तिचं जनावर जगणार होतं. खोलीत त्या दोघांइतकं सुखी कुणी नव्हतं, पासोका सोडून.

बऱ्याच वेळाने ती बाजूला झाली. "ती सेद्रोची पेटी ने आता. बाहेर अडगळ झालीय."

"काच काढून झाकण बसवतो म्हणतो… चादरी ठेवायला." तो टोपीशी चाळा करत होता. "म्हणजे… तुझी हरकत नसेल तर."

दाल्वाने त्याच्या हातातली टोपी काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

"मोजमाप नीट घे," ती म्हणाली. "दोघांच्या चादरी मावायला हव्यात."