पाचवा बोर्ड

हातकणंगल्याच्या एका बंद यंत्रमाग शेडमधले पाच स्विचबोर्ड बदलायचे, एवढंच काम होतं. भर दुपारची वेळ. क्रांतीचं वायरमनच्या अप्रेंटिसशिपचं वर्ष संपत आलं होतं. पाचही बोर्ड तिनं एकटीनं बसवले तरच तिला शिकवणारे जोतीराममामा कामाच्या वहीवर सही करणार होते, आणि सहीशिवाय तिला परीक्षेला बसता येणार नव्हतं.

"आत अंधार हाय. भ्यायची न्हाईस न्हवं?" वायरमन मामा दाराबाहेरच्या कट्ट्यावर आडवे होत म्हणाले.

"म्हणून तुम्ही भाईर बसलाय व्हय?"

मेनचा फ्यूज उपसून तिनं रिवाजाप्रमाणं आपल्याच खिशात टाकला. तारेवर ज्याचा हात, फ्यूज त्याच्याच खिशात.

आत जुन्या तेलाचा, कुजक्या सुताचा वास कोंदला होता. बॅटरीच्या उजेडात तीन बोर्ड झाले. चौथ्याच्या तारेला ती हात घालणार, तोच मागं कुणीतरी खोकलं.

"टेस्टर... लाव की."

"मामा, फ्यूज माझ्या खिशात हाय! किती शिकवाल?"

"लाव... म्हनतोय न्हवं."

म्हाताऱ्यांची ही खोडच! चरफडत तिनं टेस्टर टेकवला.

दिवा लाल पेटला.

तिनं हात झटकन मागं घेतला. वळून बघते तर मागं कुणीच नाही. आणि बाहेरून मामांचं घोरणं ऐकू येत होतं.

तिनं मामांना गदागदा हलवून उठवलं. शेजारच्या शेडमधून कुणीतरी चोरून या बोर्डाला जोडलेली वायर सापडली. मामांनी ती तोडली आणि कपाळावरचा घाम पुसला.

"मामा, आत कोण हाय?"

"कोन असणार? सहा वर्सं कुलूप हुतं. दुसरं दारबी न्हाय." मामांनी कुलूप हातात घेतलं. "चल घरला. ऱ्हाऊ दे सही."

"राहू दे कशी? वर्षभर राबलेय मी!"

ती पुन्हा आत शिरली. दारातच तिनं आवाज चढवला.

"पावणं, उपकार झाले! पण आता मध्ये बोलायचं न्हाय. परीक्षा माझी हाय!"

काळोखात कुणीतरी खुदकन हसलं... की पत्रा वाजला? तिलाही हसू फुटलं. टेस्टर लावून तिनं चौथा बोर्ड बसवला आणि पाचव्याकडं वळली.

पाचवा नवा बोर्ड आधीच बसवलेला होता. स्क्रू घट्ट. तारांच्या जोडावर जुन्या काळची काळी कापडी चिकटपट्टी. तिच्या पिशवीत तर फक्त प्लॅस्टिकची लाल होती.

"असली मदत नको मला," ती पुटपुटली आणि पट्टी उकलायला लागली.

पट्टीचं टोक दातानं तोडलेलं होतं. अजून ओलं.