चिंचेच्या वळणावरची रांग

रुडकीहून इंजिनिअर होऊन परतलेल्या आनंदरावाने देवाजी ड्रायव्हरची जुनी पिकअप विकत घेतली, तेव्हा सावनेरात त्याचं हसं झालं. देवाजी गेल्यापासून तिला तीन मालक झाले होते आणि तिघांची तक्रार एकच : नागपूरच्या वाटेवर, चिंचेच्या वळणाशी इंजिन उकळतं.

पण आनंदरावाचा त्या गाडीवर जीव होता. लहानपणी सुट्टीत देवाजी त्याला शेजारी बसवून गाणी म्हणत गाडी हाकायचा. बॉनेटखालच्या ओल्या पोत्याचा वास अजून त्याच्या नाकात होता. त्याने नवं रेडिएटर बसवलं आणि गावच्या बायांना शब्द दिला, “तुमचं दूध आता दलालाकडे नाही, थेट नागपूरला, धरमपेठेत जाईल.”

आज पहिली खेप. मे महिन्याचं ऊन. शेजारी देवाजीची बायको रुखमाबाई, लेकीकडे निघालेली.

वळणाशी तापमानाचा काटा चढला आणि गाडी थांबली. वाफ निवल्यावर त्याने रेडिएटरचं झाकण उघडलं. आत ठणठणीत कोरडं, खाली मात्र थेंब नाही. दूध नासलं तर बाया पुन्हा विश्वास टाकणार नव्हत्या. जवळच्या डब्यातलं निम्मं पाणी त्याने घाईने आत ओतलं. तेही कुठे गेलं कळेना.

“काहून वाया घालवून राहिला गा बाबू?” रुखमाबाई हळूच म्हणाली. “दुष्काळात आमच्या घरच्यायची गाडी इथंच पानी वाटे. शेवटच्या खेपेले इंजिन तापलं... लोकायचं पानी यायनं इंजिनले पाजलं. रांग तशीच उभी राहिली... अजून उभीच हाय.”

“काकू, दूध नासून राहिलं अन् तुम्ही...”

तो थबकला. वारा नव्हता. तरी गाडीमागे घागरीला घागर लागल्याचा आवाज आला... आणखी एक.

“आधी त्यायले दे पानी,” रुखमाबाई म्हणाली.

त्याने गाडीमागे जाऊन डबा कलता केला. धार कमरेएवढ्या उंचीवरच नाहीशी होत होती. माती कोरडीच. मग धार खाली, लहान लेकराच्या हाताशी यावी तशी पार गुडघ्याशी आली... आणि डबा संपला.

काटा आपोआप खाली आला. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

धरमपेठेत दूध उतरलं, छान, गार. फक्त शेवटचा कॅन थोडा हलका लागला. झाकणावरची सुतळीची गाठ तशीच होती. गाडीत, त्या कॅनच्या जागेशेजारच्या धुळीत एक ओला गोल उमटला होता, लहानशा लोट्याच्या बुडाएवढा.

आनंदरावाने बोट लावून पाहिलं. दूध होतं.