डावीकडे घ्या

सामान चढवून झालं ना सगळं? मग बसा जरा. पहाटे निघायचं म्हटल्यावर आत्ता काही झोप लागायची नाही. पण ती वॉकीटॉकी बंद करून ठेव पोरी. मी बोलत असताना तिची खरखर नको. का नको, तेच सांगतो.

माझा एक मित्र आहे. अजून आहे, म्हणून ‘आहे’ म्हणतो. जन्म गॅरेजमध्ये गेला, हातातला पाना जेवतानाच काय तो सुटायचा. म्हणून नावच पडलं, पाना. बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने उद्धार करायची.

त्यांची एकुलती एक लेक डोंगरापलीकडच्या दवाखान्यात नर्स. तिकडेच संसार, तिकडेच बाळंतपण. नेमका त्याच साली घाटातला रस्ता वाहून गेला नि बस बंद झाली. आजीने नात बघितली ती फोनवर. रोज रात्री फोन ठेवला की डोळ्याला पदर. पानाला ते बघवेना. एका रविवारी तो उठला नि म्हणाला, ‘‘आपण गाडीने जाऊ.’’

‘‘कुठल्या गाडीने? ह्या?’’ वहिनी म्हणाल्या.

ह्या म्हणजे त्यांची छोटी गाडी. दिसायला जीपसारखी, पण नुसती दिसायलाच. भाजी आणायला बरी. पानाने कंबर कसली. दिवसभर लोकांच्या गाड्या, रात्री स्वतःची. जाड दातांचे टायर घातले. स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर उचलली. दगड लागून इंजिन फुटू नये म्हणून खालून जाड लोखंडी पत्रा ठोकला. टपावर कॅरियर, त्यावर जादा चाक, फावडं, पाण्याचे कॅन. मागची सीट काढून फळीचा पलंग केला, त्याखाली खण. खिडक्यांचे पडदे वहिनींनी स्वतः शिवले. शेजारपाजारचे हसायचे. रांगत्या पोराला उंच टाचांचे बूट घातल्यासारखी दिसते म्हणायचे. पाना म्हणायचा, ‘‘हसा. आधी नातीला मांडीवर घेतो, मग मीही हसतो.’’

शुक्रवारी निघायचं ठरलं. त्याआधी एकदा गाडी अंधारात, खऱ्या खडबडीत रस्त्यावर चालवून बघायला हवी होती. टपावरचे नवे दिवे कसे पडतात, चढावर चाकं कशी धरतात, सगळंच बघायचं होतं. म्हणून नोव्हेंबरातल्या दुसऱ्या बुधवारी, साडेनऊच्या सुमाराला, नवराबायको गावाबाहेरच्या जुन्या दगडखाणीवर गेली. खाण कधीच बंद पडलेली. खाली पोटात पाणी साठलेलं. वर जायला डंपरचा जुना रस्ता. चंद्र नव्हता. वाराही नव्हता.

तुम्हाला माहीतच आहे, अशा चढावर ड्रायव्हरला बॉनेटपुढचं काही दिसत नाही. कोणीतरी बाहेर उभं राहून सांगावं लागतं. वहिनी टॉर्च नि वॉकीटॉकी घेऊन चालत पुढे गेल्या, वरच्या वळणावर उभ्या राहिल्या. दुसरा सेट पानाजवळ. 

‘‘चार्ज केलाय ना तुझा?’’

‘‘केलाय हो. किती वेळा विचाराल?’’

पाना निघाला. फर्स्ट गिअर. गाडी डुलत, कुरकुरत, पण चढत होती. त्याला काय आनंद झाला म्हणता! सेटमधून वहिनींचा आवाज येत होता.

‘‘सरळ या. उजव्या चाकाखाली खड्डा आहे, सांभाळा. अहो, सांभाळा म्हणते ना! सगळं आपल्याच मनाचं करायचं…’’

मग थोडी खरखर झाली. मधे एक मोठा खडीचा ढीग होता, त्याच्याआड टॉर्चचा उजेड दिसेनासा झाला. ढिगापाशी रस्ता फुटत होता. पानाने ब्रेक दाबला.

‘‘आता कुठून?’’

सेट खरखरला. मग आवाज आला.

‘‘डावीकडे घ्या.’’

त्याने घेतली.

‘‘बरोबर. अजून थोडं.’’

रस्ता सपाट होता. चाकाखाली बारीक भुकटी. नव्या दिव्यांचा पांढरा झोत पुढे लांबवर पडत होता… आणि पुढे कशावर आपटतच नव्हता. पानाला वाटलं, पुढे उतार असेल.

‘‘बरोबर. छान चालवताय. अजून थोडं.’’

पाना हसला. एवढ्या वर्षांच्या संसारात ‘बरोबर’ हा शब्द बायकोच्या तोंडून त्याने ऐकला नव्हता. लग्नाच्या फोटोतसुद्धा ती त्याला नीट उभं राहा म्हणत होती. तो म्हणाला, ‘‘आज काय विशेष? कौतुक चाललंय?’’

त्याने बटण पुन्हा दाबलं.

‘‘अगं, ऐकतेस ना?’’

‘‘अजून थोडं.’’

त्याचं हसू तिथल्या तिथे गेलं. आवाज तिचाच होता. तसूभरही फरक नाही. पण ती चढावर उभी राहून बोलत होती तेव्हा मधे दम लागत होता. ह्या आवाजात दम नव्हता. श्वासच नव्हता.

तेवढ्यात गाडी अडली. पुढची दोन्ही चाकं कशाला तरी टेकली. एकदम, सारखी.

‘‘दगड आहे लहानसा,’’ सेट म्हणाला. ‘‘रेस द्या. जाईल.’’

आणि खरं होतं ते. लहानसा दगड म्हणजे त्या गाडीला काहीच नव्हतं. त्यासाठीच तर सगळं केलं होतं. पानाचा पाय रेसवर गेला. पाय आपोआप गेला, असं तो सांगतो…

धाड धाड धाड!

मागच्या काचेवर कोणीतरी हात मारत होतं. पानाने हँडब्रेक ओढला. दार उघडून वहिनी आत कोसळल्या. केस सुटलेले, गुडघा फुटलेला, धापा टाकत.

‘‘कुठे… कुठे निघालात? केव्हाची ओरडतेय मी! खडीत पडले, उठले, धावत आले…’’

‘‘अगं, तूच तर सांगत होतीस…’’

‘‘मी? माझा सेट तर तुम्ही ढिगापाशी पोचलात तेव्हाच बंद पडला!’’

त्यांनी गळ्यातला सेट पुढे केला. दिवा विझलेला. बटण दाबलं. काही नाही.

आणि त्याच्या मांडीवरचा सेट बोलला.

‘‘बरोबर. अजून थोडं.’’

दोघांनी ऐकलं.

वहिनी त्या सेटकडे बघत राहिल्या. स्वतःचाच आवाज… दुसरीकडून… बघा विचार करून. पुटपुटल्या, ‘‘अहो, ही मी नाही. मी ही आहे.’’ आणि नवऱ्याचं मनगट असं धरलं, की पुढे आठवडाभर वळ होते.

पानाने सेटचं बटण फिरवलं. टक. सेट बंद.

शांत.

इंजिनाचा आवाज तेवढा. मग… तोही बंद पडला.

काचा उघड्याच होत्या. बाहेर काळंकुट्ट. झोताखाली जमीनच नव्हती, हे आता दोघांनाही दिसत होतं.

आणि मग पुढून… खालून… खूप खालून…

‘‘अजून थोडं…’’

सेटमधून नाही. तोंडाने.

त्यानंतर गाडी कशी सुरू झाली, उलटी कशी आली, ढिगाला वळसा कसा घातला, पानाला आठवत नाही. घरी येऊन दोघं दिवा लावून बसली. चहा केला, तो तसाच राहिला. पहाटेच्या सुमाराला वहिनी एवढंच म्हणाल्या, ‘‘ते सेट घरात नकोत.’’ त्याने ते हातोडीने फोडले. शुक्रवारी गेली बरं का दोघं. दिवसाउजेडी चालवायचं, सूर्य कलला की जिथे असू तिथे थांबायचं. नातीला मांडीवर घेतलं. पण वहिनी रात्री उठून पानाच्या नाकापुढे बोट धरतात, श्वास बघतात. तोही झोपल्याचं सोंग करून तिचा ऐकत असतो. आज इतकी वर्षं झाली.

एक राहिलं.

गुरुवारी, चांगलं ऊन पडल्यावर, पाना एकटाच चालत त्या जागी गेला. चाकांचे माग भुकटीत स्पष्ट होते. ढिगापासून सरळ कड्याकडे. जिथे संपले तिथून कडा हातभर. त्याखाली सरळ तुटलेला दगड, आणि तळाला हिरवं पाणी.

मागांच्या टोकाशी दोन दगड होते. एक डाव्या चाकापुढे, एक उजव्या. आपण उतारावर गाडी घसरू नये म्हणून लावतो ना, तसे. निमुळती बाजू बरोबर चाकाकडे. भोवती भुकटीत पाऊल नाही, ओढल्याची खूण नाही. त्याने वाकून हात लावला.

उन्हं डोक्यावर आली होती. जमीन तापलेली, कोरडी ठक्क.

दगडांना शेवाळ होतं… आणि त्यातून पाणी निथळत होतं.