सहा नंबरचा माइक

साउंडवाल्याचं काम नीट झालं तर त्याची आठवण कुणालाच राहत नाही, आणि माइकने शिट्टी मारली की सगळं सभागृह मान वळवून त्याच्याकडे बघतं. तीस वर्षं मी विद्यापीठात हेच करतोय. कुठे खरखर झाली की मी आधी वायर तपासतो. त्यामुळे असल्या गोष्टी माझ्या तोंडी शोभत नाहीत, ठाऊक आहे मला. तरी सांगतो, ऐका.

आमच्याकडे दरवर्षी ब्लूज आणि जॅझचा महोत्सव होतो. वाजवणारी सगळी विद्यार्थी मंडळी. तिकिटांचे पैसे चिमणीच्या नावाच्या शिष्यवृत्तीला जातात. चिमणी म्हणजे आमची सॅक्सोफोनवाली. अंगाने एवढीशी, की वाद्यानेच तिला गळ्यात अडकवलंय असं वाटायचं. पाच वर्षांपूर्वी तालमीहून घरी जाताना अपघातात गेली. एकवीस वर्षांची होती.

त्या शेवटच्या तालमीचं रेकॉर्डिंग मी केलं होतं. अकरा मिनिटं ती एकटीच वाजवत होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, तिची बातमी कळायच्या आत, रेकॉर्डरमधल्या त्याच मेमरी कार्डावर मी कुलगुरूंचं पाऊण तासाचं भाषण उतरवून घेतलं. कार्ड रिकामं आहे का, एवढं बघायचं राहून गेलं. चिमणीची आई कपडे शिवते. दर महोत्सवाला येते आणि हळूच विचारते, "दादा, सापडलं का हो?" मी म्हणतो, "शोधतोय, ताई." पाच वर्षं मी हेच सांगत आलो.

यंदा महोत्सवाच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन आला.

"दादा, डॉक्टर म्हणतात, कान फार तर दोन महिने साथ देतील. मग काही ऐकू यायचं नाही. उद्या चारला येते. एकदा ऐकवा, बास."

मी बरं म्हणालो. नाही म्हणायला तोंडच उघडेना.

दुसऱ्या दिवशी तीनला आवाज तपासायला बसलो. आमच्या सभागृहाला खिडकी नाही. दारं लावली की भर दुपारी मिट्ट काळोख, आणि पडद्यांचा धुळकट वास. दिवेवाले आले नव्हते. सभागृहाच्या मागच्या टोकाला माझ्या टेबलावरचा छोटा दिवा तेवढा जळत होता. महोत्सव भरवतात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक वर रंगमंचावर चाचपडत होते. चिमणीला वाद्य धरायला त्यांनीच शिकवलं होतं. मी यादीतला नंबर पुकारायचा, त्यांनी त्या माइकवर टिचकी मारायची, मी यादीवर खूण करायची.

"पाच, पियानो."

टक, टक. खूण केली.

"सहा, सॅक्सोफोन."

थोडा वेळ काहीच नाही. मग हेडफोनमध्ये वाद्याच्या कळा हलल्या... खट... खट... खटखट. वाजवण्याआधी वाद्याच्या तोंडाशी बसवलेली वेताची पट्टी ओली करतात, तो ओठांचा बारीक आवाज. आणि निलगिरीच्या गोळीचा वास आला. चिमणीच्या गालात ती कायम असायची. हेडफोनमधून वास येत नाही, एवढं मलाही कळतं.

"दादा... येतंय का?"

"येतंय, येतंय," मी सवयीने म्हणालो आणि सहासमोर खूण केली.

"कुणाशी बोलताय?"

प्राध्यापक माझ्या पाठीमागे उभे होते, दोन्ही हातांत चहाचे कप. "पियानो झाला तसा मी बाजूच्या दाराने चहाला गेलो. आणि सहा कुठून काढलात? यंदा सॅक्सोफोन नाहीये. गेल्या वर्षीची यादी घेऊन बसलाय तुम्ही."

खरंच, यादी गेल्या वर्षीची होती. मी टॉर्च घेऊन वर गेलो. सहा नंबरची वायर गुंडाळून कोपऱ्यात पडली होती आणि तिच्या टोकाला माइक नव्हता. मी वायर तशीच ठेवून खाली आलो. चहा पिऊन ते मुलांना बोलवायला बाहेर गेले.

बरोबर चारला चिमणीची आई आली. मी उभाच राहिलो.

"ताई, ते रेकॉर्डिंग नाहीये. माझ्याच हातून पुसलं गेलं, तेव्हाच. पाच वर्षं खोटं बोललो तुमच्याशी."

तिने टेबलाची कड धरली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग तिने मान तिरकी केली आणि टेबलावर काढून ठेवलेल्या हेडफोनकडे बघितलं.

"मग... हे काय चाललंय?"

मला काहीच ऐकू येत नव्हतं. तिने हेडफोन उचलून कानांना लावले आणि डोळे मिटले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सहा नंबरची आवाजाची रेषा सपाट होती, एकदाही हलली नाही. पण ताईंचा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा ताल धरत होता. मधेच ती पुटपुटली, "हो गं बाळा... येतंय. सगळं येतंय."

मी घड्याळाकडे बघत होतो. अकरा मिनिटं झाली, तेव्हा तिने हेडफोन काढले, डोळे पुसले आणि माझ्या हातावर हात ठेवला.

"उगाच मनाला लावून घेतलंत, दादा. सगळं आहे की."

मी पन्नाशी उलटलेला माणूस, तिच्यासमोर ढसाढसा रडलो. संध्याकाळी महोत्सव झाला, सभागृह भरलं होतं, मुलं झकास वाजवून गेली. मला त्यातलं फारसं आठवत नाही.

परवा तिच्या दुकानात गेलो होतो. कान पूर्ण गेलेत आता. मी मापाच्या वहीत लिहितो, ती तोंडाने उत्तर देते.

'काहीच ऐकू येत नाही?' मी लिहिलं.

"मशीनसुद्धा नाही. ती तेवढी ऐकू येते. रोज, चारच्या सुमाराला." ती हसली. इतकं निवांत मी तिला कधी बघितलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं. मग सुईत दोरा ओवता ओवता तिचा हात थांबला.

"दादा, तुमचं ऐकायची ती. एवढं सांगाल का तिला... वाजवताना मधेमधे श्वास घे म्हणावं. चार दिवस झाले, घेतच नाहीये."