एकोणचाळीस नंबरची जागा

मंसिर महिन्यात, म्हणजे ऐन मार्गशीर्षात, पूर्व नेपाळमधल्या अरुण नदीच्या खोऱ्यातली हवा इतकी स्वच्छ असते, की समोरच्या डोंगरावरच्या गाईची शिंगंही दिसावीत. अनुपा थुलुंगला म्हणूनच काम याच दिवसांत उरकायचं होतं. नव्या वीजघरातून निघणारी उच्च दाबाची लाईन खोरं ओलांडून दक्षिणेला जाणार होती आणि तिच्या एकेका मनोऱ्याची जागा अनुपाने नक्की करायची होती. अडतीस झाल्या होत्या. एकोणचाळिसावी पल्याडच्या डोंगरमाथ्यावर येत होती.

अल्याड ती मोजणीच्या यंत्राच्या दुर्बिणीला डोळा लावून उभी राहायची. पल्याड, सातशे मीटरवर, हर्कजित राई काठी धरून उभा असायचा. काठीच्या टोकाला काच. यंत्रातला किरण त्या काचेवरून परत आला की अंतर कळायचं. दोघांकडे एकेक वॉकीटॉकी.

हर्कजित तिथल्याच गावचा, पन्नाशी उलटलेला, तोंडाचा तिखट. अनुपाला तो बहिनी, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायचा; ती त्याला दाजू, थोरला भाऊ. "लाईन आमच्या डोक्यावरून जाणार आणि दिवे काठमांडूत लागणार," पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता. "आम्ही काय बहिनी, तारांच्या सावलीत भात वाळवायचा?" पण काठी मात्र अशी धरायचा, की जणू जमिनीतून उगवलीय.

या माथ्यावरच्या पहिल्या सकाळी दुर्बिणीत त्याच्या डाव्या बाजूला एक बाई दिसली. लाल चोळी, कमरेला पिवळा पटका, पाठीवर वेताची टोपली.

"दाजू, त्या दिदींना जरा बाजूला व्हायला सांगा ना."

बराच वेळ नुसती खरखर. मग, "इथे कुणी नाही, बहिनी."

अनुपाने नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. माथ्यावर एकच ठिपका होता. दुर्बिणीतून पाहिलं. दोन माणसं.

तिने भिंग पुसलं. दुसऱ्या दिवशी राखीव यंत्र लावलं. बाई तिथेच. माथ्यावर वारा सुटला होता, हर्कजितचं जाकीट फडफडत होतं, गवत आडवं झालं होतं. बाईच्या ओढणीचं टोक हलत नव्हतं.

अनुपाने नुसते आकडे घेतले. तिसऱ्या दिवशी तोच बोलला.

"बहिनी, ती आहे का अजून?"

"...आहे."

"विळा कुठल्या हातात आहे?"

"डाव्या."

खरखर. मग त्याचा आवाज आला, एकदम हळू. "जसमाया. माझी बायको. सहा वर्षं झाली, इथेच गवत कापत होती, दरड घेऊन गेली तिला. सापडली नाही. मी रोज येतो इथे, मला कधी दिसली नाही. तुझ्या यंत्राला दिसते."

अनुपाने दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही.

"काय करतेय?" त्याने विचारलं.

"तुमच्या कॉलरला कुसळ लागलंय, ते काढतेय."

हर्कजितने मान हळूच डावीकडे कलती केली आणि तसाच उभा राहिला.

पाच मिनिटांच्या मोजणीला मग तास लागू लागला. त्याने विचारायचं, तिने पाहून सांगायचं. हसतेय. टोपली खाली ठेवलीय. तुमच्याकडेच बघतेय. ऑफिसातून फोन आला, एका जागेला चार दिवस कसे? "वारा फार आहे," अनुपा म्हणाली.

पण मनोरा आला म्हणजे माथा छाटला जाणार, चार पायांसाठी चार खड्डे पडणार. जसमाया जिथे उभी राहायची, तिथेच एक पाय येत होता.

"माझ्यासाठी कागद खोटा करू नकोस हं," हर्कजितने बजावलं. "पोटावर येईल तुझ्या."

अनुपाने दिवसभर आकडे मांडले. माथ्याच्या जरा खाली, चाळीस मीटर बाजूला पक्का कातळ होता. मनोरा तीन मीटर उंच केला तर तारा पुरेशा उंचीवर बसत होत्या. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'माथ्यावरची जमीन सैल.' त्यात खोटं काही नव्हतं. त्या जमिनीने एक बाई नेली होती.

शेवटच्या सकाळी हर्कजित कातळावर उतरला. काठी धरली.

"आली का माझ्यामागे?"

अनुपाने दुर्बीण वर नेली. "नाही. वरच आहे. तुमच्याकडे बघतेय."

त्याने काठी सरळ केली. "राहू दे," म्हणाला. "उतरणीला घाबरत असेल आता."

आकडा उमटला. अनुपाने तो लिहून घेतला.

दुपारी झुलत्या पुलावरून तो अल्याड आला. अनुपाने केलेला नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो आणि सुक्या भाजीची आमटी घेऊन पाण्याच्या धारेजवळच्या दगडावर बसला, माथ्याकडे पाठ करून. अनुपा आवराआवर करत होती. यंत्र पेटीत ठेवलं. दोन्ही वॉकीटॉकींच्या बॅटऱ्या काढून बाजूला ठेवल्या.

एका वॉकीटॉकीत खरखर झाली.

अनुपाने उचलून पाहिला. मागचा कप्पा रिकामा होता.

"जेवले का ते?" बाईचा आवाज. जवळून, जरा संकोचून.

अनुपाने धारेकडे पाहिलं. हर्कजित बोटांनी ताटली पुसून घेत होता. तिने बटण दाबलं.

"जेवले, दिदी."

"बरं झालं," आवाज म्हणाला. "मग आता मीही जेवायला बसते."